आक्काच्या नावापुढच्या दोन निळ्या खुणा

लेकीचा दहावीचा निकाल मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि कुणी कुणी बघितला ते दर पाच मिनिटांनी तपासत बसलो. मामा, चुलते, मेहुणे, सगळ्यांचे अंगठे आले. केडगावला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या नावापुढं मात्र नुसत्या दोन निळ्या खुणा. माझ्या शिक्षणापायी जिची शाळा सातवीत सुटली, तिला माझ्या पोरीचं एवढंही कौतुक न्हाई? डोकंच फिरलं माझं. तासाभरात तिचा नंबर ब्लॉक केला.

मग झोप उडाली. कुरकुंभला केमिकल कंपनीत ड्यूटीवर चुका व्हायला लागल्या, तेव्हा बायकोनं दौंडला समुपदेशक बाईंकडं नेलं. मला काय येड लागलंय का, असं मी तोंडावर विचारलं. बाईंनी गोळी दिली नाही, वही दिली. फोनमध्ये काय दिसलं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय आणि दुसरं काय कारण असू शकेल, असे चार रकाने रोज भरायचे.

मी लिहिलं: निळ्या खुणा. आक्का जळते. पुरावा, पंधरा दिवसांत तिनं साधा फोन केला नाही. चौथा रकाना कोरा ठेवला.

"फोन केला नाही, हे नक्की?" बाईंनी विचारलं.

"नक्की म्हंजी? हे बघा," म्हणत मी तावातावानं फोन उघडला आणि हात थांबला. नंबर तर मीच बंद केलेला. ब्लॉक केलेल्या कॉलच्या यादीत तिचं नाव सतरा वेळा होतं. पहिला फोन निकालाच्याच संध्याकाळचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथूनच केडगाव गाठलं. आक्का ओट्यावर मेथी निवडत होती.

"आलास व्हय? पोरीनं नाव काढलं, हे तुला तोंडानंच म्हनावं म्हनून फोन लावत हुते. लागंचना."

मी कबूल करायला तोंड उघडलं.

"कंपनीत फोन गेटवर ठिवून घेत्यात, ठाऊक हाय मला," तीच पुढं म्हणाली. "म्हनलं, डबल ड्यूटी लागली आसंल."

चार रकान्यांची वही तिला कुणी दिली नव्हती.

"व्हय आक्का," मी म्हणालो, "डबलच चालूय."

"तरीच वाळलास," म्हणत ती भाकऱ्या टाकायला उठली. मी तीन खाल्ल्या. खरं काय ते तिला अजून सांगितलेलं नाही.