पदराखालची डबी

मी एकदा नवऱ्याचं वीर्य ब्लाउजमध्ये लपवून एसटीने नेलं आहे.

वाचून दचकलात ना? लिहिताना मीही दोनदा खोडलं. सासरची निम्मी माणसं फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.

पण ज्यांच्यासाठी नेलं, त्या आमच्या मॅडम काल गेल्या. आज गप्प बसले तर कधीच बोलणार नाही.

मॅडम मूळच्या भोरच्या. आयुष्यभर पुण्यात रिसर्च केला. विषय एकच, पुरुषांचं वंध्यत्व. परदेशात लेक्चर्स दिली. रिटायर होऊन भोरला आल्या, तर तिथले पुरुष त्यांना बघून रस्ता बदलायचे.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. माझ्या सगळ्या टेस्ट झाल्या, सगळ्या नॉर्मल.

तरी सासूबाईंनी ह्यांच्यासाठी दुसरी मुलगी शोधली. रविवारी बघायला जायचं ठरलं.

मी घाबरून भोरला मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "त्याला आण."

हे म्हणाले, "म्या न्हाई येनार. भोरात कुनी बगितलं तर?"

शेवटी घरच्या घरी डबीत नमुना द्यायला तयार झाले. एका अटीवर. कुणाला म्हणजे कुणालाच कळता कामा नये.

मॅडमनी फोनवर बजावलं, "अंगाला लावून आण, गार पडू देऊ नकोस. तासाभरात पोचलं पाहिजे. भोरपर्यंत नको येऊस, मी कापूरहोळला थांबते."

आमच्या वेल्ह्याहून भोरला जाणारी एसटी. खिडकीजवळची सीट मिळाली. पदराखाली डबी, वरून हात.

आणि शेजारी येऊन बसली कोण? चुलत सासू!

"छातीला काय धरलंयस गं?"

"दुखतंय जरा."

"गाठबीठ न्हाई न्हवं? बगू."

आणि हात पुढे केला की हो! मी अशी किंचाळले की कंडक्टरने मागे वळून बघितलं.

नसरापूरला ड्रायव्हर चहाला उतरला. इकडे माझा तास सरत चालला. देवाचं नाव घेतलं, पण देवाकडे मागायचं काय?

रिपोर्ट चांगला आला तर दोष माझाच ठरवून मला माहेरी धाडणार. वाईट आला तर हा माणूस खचणार. काय मागावं तेच कळेना. तसली भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

कापूरहोळला पंक्चरच्या दुकानामागे, एका स्टुलावर मॅडमनी मायक्रोस्कोप मांडला होता. जुना, आरशाचा. उन्हाची तिरीप धरून बघायचा.

खूप वेळ बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "शुक्राणू फार कमी आहेत. आणि आहेत ते हलत नाहीत."

पहिल्यांदा मनात आलं, सुटले बाई मी.

लगेच दुसरा विचार. आता ह्यांना सांगायचं कुणी?

"मी सांगते," मॅडम म्हणाल्या. "ते काम माझं आहे, तुझं नाही."

आमच्या घरी आल्या. ह्यांना अंगणात बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. मी दाराआड उभी. ह्यांनी विचारलं,

"म्हंजे म्या बाप्या न्हाई व्हय?"

"बाप्या आहेस की! शुक्राणू कमी आहेत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेच सांगता सांगता मी म्हातारी झाले रे."

हे उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले.

"आये, ऐतवारी कुठं जायचं न्हाई. कमी माज्यात हाय."

सासूबाई आमच्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. पण ती मुलगी घरात आली नाही.

आम्हाला मूल झालं नाही. आधीच सांगते, कमेंटमध्ये विचारू नका.

काल भोरला स्मशानात भाषणं झाली. "थोर शास्त्रज्ञ", "जीवशास्त्रात मोठं कार्य". विषय कसला, ते तोंडातून काढायची एकाचीही छाती झाली नाही.

तेवढ्यात हे पुढे गेले. मी शर्ट धरला, तो सोडवून गेले.

"म्याडम बाप्यांचं बी तपासायच्या. माजं बी त्यांनीच तपासलं. म्हनून माजा संसार ऱ्हायला."

मला वाटलं, आता हसतील, उद्या गावभर होईल.

कुणीही हसलं नाही.

निघताना गाडीपाशी एक अनोळखी माणूस आला. मागे लांब त्याची बायको उभी. तिची नजर मी लगेच ओळखली.

इकडे तिकडे बघून त्याने ह्यांना हळूच विचारलं, "दादा, आता कुठं जायाचं?"

ह्यांनी त्याचा मोबाईल नंबर घेतला. "सांगतो," म्हणाले.

काय सांगणार आहोत, आम्हालाही माहीत नाही.

मॅडम, भरल्या मनाने निरोप देते. घाबरलेली आहे, पण देते.