आयत्या वेळचा विषय

गावाच्या उत्तरेला आमच्या सहकारी संस्थेचं कुरण होतं आणि त्यात काळविटं राहत.

दुष्काळ पडला तेव्हा माझ्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे संस्थेच्या चेअरमननी, देवळात सगळ्यांना बेलभंडार उचलायला लावला. पाऊस पडेपर्यंत कुरणात कुणाचंही जनावर जाणार नाही. गवताची मुळं राहिली तर पुढं चारा मिळेल, आणि मुक्या हरणांनी तरी कुठं जावं, असं ते म्हणाले. वडिलांना भावाचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. आमची गाय चारा छावणीत गेली आणि तिथंच दगावली. आई कितीतरी दिवस वडिलांशी धड बोलली नाही. पण कुरण राहिलं.

मग पाऊस झाला आणि पाठोपाठ संस्थेची वार्षिक सभा. आमच्याकडच्या सभेची एक रीत आहे. सचिव विषय वाचतो, पुढच्या रांगेतून कुणीतरी 'मंजूर' म्हणतं, मागचे त्याचीच री ओढतात. त्यात बुंदीचा वास सुटला की सचिवाला वाक्य पुरं करायचीही गरज उरत नाही. शेवटी आयत्या वेळचे विषय आले. कुरण आणि त्यातला पाझर तलाव हायटेक औद्योगिक पार्कला द्यायचा विषय त्यातच उरकला. वडील पुढच्या रांगेत होते. भाऊ खुर्चीवर असताना कान देऊन ऐकायचं ते काय? पहिलं 'मंजूर' त्यांचंच.

खांब रोवायला माणसं आली तेव्हा गावाला कळलं. वडील तडक चुलत्यांकडे गेले, मी मागोमाग.

"भाऊ, मला आधी सांगितलं कावून न्हाई?"

"सभेत वाचलं की. पहिला मंजूर तूच म्हणलास."

चुलते हे हसत बोलले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

पार्क मोठा झकास झाला. काचेच्या इमारती, हिरवळ, हिरवळीवर पाण्याचे फवारे. भोवती उंच तारेचं कुंपण. तलाव आत राहिला, काळविटं बाहेर. पुढच्या उन्हाळ्यात ती तहानेनं गावात शिरू लागली. एका दुपारी चुलत्यांच्या दारासमोरच कुत्र्यांनी एका हरिणीला फाडलं. वडिलांनी काठीनं कुत्री हाकलली, पण फार उशीर झाला होता. कुत्री परत येऊ नयेत म्हणून वनखात्याची गाडी येईपर्यंत ते उन्हात तिच्याजवळ बसून राहिले.

चुलते पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले.

"लई ऊन हाय. पाणी घे."

आमच्या मुलखात वैऱ्याच्या दारचं पाणीसुद्धा कुणी नाकारत नाही. दुष्काळानं माणसांना तेवढं तरी शिकवलं आहे. वडिलांचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"न्हाई," ते म्हणाले, आणि भावाकडे पाठ करून बसले.