अणदूरहून आणलेलं बाड

निजामी अमलात धाराशिवला आमचं एक छोटं ग्रंथसंग्रहालय होतं. जागा दोनच खोल्यांची. मराठी वाचनालयाला सरकारी इजाजत मोठ्या मुश्किलीनं मिळालेली, त्यामुळं एखादं जुनं हस्तलिखित आलं की आम्हांला सणासारखं वाटायचं.

मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. वडील पटवाऱ्याकडं कारकुनीला होते, त्यांनी मला मोडी शिकवलेली. म्हणून सुट्टीच्या दिवशी संग्रहालयाचे चिटणीस मला जुने कागद वाचायला बोलवायचे. एकदा ते म्हणाले, "अणदूरला एक म्हातारी कापडाचं दुकान चालवते. तिच्याकडं जुन्या पोथ्या आहेत. आम्ही दोघंजण जाऊन हात हलवत परत आलो. तुम्ही बघता का जाऊन?"

तुळजापूरवरून मोटारीनं गेले. म्हातारी लिंगायत, कपाळावर विभूती, गादीवर ताठ बसलेली. मी कानडी रीतीनं अव्वा म्हणून हाक मारली तशी तिनं नीट निरखून पाहिलं.

"पोथ्या न्यायला आलाव व्हय?"

"आधी बघायला आले, अव्वा. तुम्ही द्याल तर नेईन."

ती उठली आणि पोथ्यांऐवजी तेलकट फडक्यात बांधलेलं एक बाड घेऊन आली. "मागं दोघं आले हुते. ह्ये चाळलं अन् बाजूला सारलं. म्हनले, ह्ये न्हाय, मोठ्या पोथ्या दावा. ज्याला ह्ये वाचता येत न्हाय, त्याला म्या काय बी देत न्हाय."

मी बाड उघडलं. अर्धं मोडीत, अर्धं कानडीत. मोडीतलं वाचू लागले. मूल आडवं असेल तर पोटावरून हात कसा फिरवायचा, कळा थांबल्या तर बाईला कसं चालवायचं, कुठल्या बाईला तिसऱ्या खेपेला काय झालं, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. एके ठिकाणी ओळ होती, 'इथं माझं चुकलं, पुढं कुणी असं करू नये.' ती ओळ मी पुन्हा एकदा मोठ्यानं वाचली.

"माज्या सासूनं लिवलंय," म्हातारी म्हणाली. "दुकान बी तीच बघायची अन् गावातल्या बाळंतपणाला बी तीच जायची. माहेर कानडी मुलखातलं, म्हनून निम्मं कानडी."

"कानडी मला येत नाही, अव्वा."

"मला येतं की. पर मोडी येत न्हाय. सासूचं निम्मंच मला ठावं हुतं."

मग आम्ही दोघी आळीपाळीनं वाचत बसलो. माझी मोडी संपली की ती कानडी वाचून मराठीत सांगायची. गिऱ्हाईक आलं तर ती हातानंच थांब म्हणायची. दुपारचं जेवणही तिथंच झालं. शेवटचं पान झाल्यावर तिनं बाड पुन्हा बांधलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "पोथ्या बी ने. पर ह्याच्यावर तिचं नाव लिवलं पायजे."

संग्रहालयात चिटणीसांनी पोथ्यांचं कौतुक केलं. बाडाची नोंद मात्र त्यांनी 'औषधांची वही, लेखक अज्ञात' अशी केली.

"अज्ञात कसा?" मी म्हणाले. "सुनेनं स्वतः नाव सांगितलंय."

"बाई, सुईणीच्या टिपणाला लेखक कोण म्हणतं?"

"मी म्हणते. नाव लिहायचं नसेल तर बाड आणि पोथ्या मी अणदूरला परत पोचवते."

तोवर चिटणीसांपुढं मी मान वर करून बोलले नव्हते. त्यांनी 'अज्ञात' खोडलं आणि दौत माझ्यापुढं सरकवली. अव्वांच्या सासूचं पूर्ण नाव मी माझ्या हातानं लिहिलं.

पुढं हैदराबादहून एक डॉक्टरीणबाई मुद्दाम ते बाड बघायला आल्या. दोन दिवस त्यांनी माझ्याकडून मोडी वाचून घेतली आणि कानडीसाठी अणदूरच्या अव्वांना बोलावलं. अव्वा नवं इरकली लुगडं नेसून आल्या. चिटणीसांनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली. डॉक्टरीणबाई उतरवून घेत होत्या, अव्वा सांगत होत्या आणि मधेच थांबवून म्हणत होत्या, "सावकाश, बाई. नीट लिवा."

त्यानंतर भूमहून, वाशीहून बायका घरची बाडं घेऊन माझ्याकडं येऊ लागल्या. दाखल-नोंदवही चिटणीसांनी माझ्याच ताब्यात दिली. आयुष्यात मला पुष्कळ कामं मिळाली, पण त्या कामाइतका अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटला नाही.