गोळ्यांच्या कंपनीतला नवरा

माझी मुलगी तेव्हा तान्ही होती. दौंडच्या दवाखान्यात एक अनोळखी माणूस माझ्यासमोर बसला होता. अंगात कुरकुंभच्या औषध कंपनीचा निळा ड्रेस, गळ्यात पास आणि वरच्या खिशात बायकोच्या थायरॉइडच्या गोळ्यांचं न फोडलेलं पाकीट. ते त्याला डॉक्टरांना परत करायचं होतं.

शेजारी बायको बाळाला घेऊन पेंगत होती. बाळंतपणानंतर तीही माझ्यासारखीच फुगली होती. तिला कुणी काही विचारलं की हा आधी खिशावर टिचकी मारायचा आणि मग तिच्या वतीनं बोलायचा. "हिला काय बी झालं न्हाई. नुसती खाती आन् झोपती." हे तो तिच्या डब्यातला डिंकाचा लाडू खात सांगत होता.

मीही तीच गोळी घेते म्हटल्यावर तो माझ्याकडं वळला. "ताई, गोळ्या आम्हीच बनवतो, मला इचारा." कंपनीत तो खोकी चिकटवायचा. "जिऱ्याचं पाणी प्या. ही गोळी एकदा सुरू झाली की जल्मभर सुटत न्हाई!"

बायकोनं डोळे उघडले. आवाज घोगरा होता. "ऱ्हाऊ द्या. लगीन बी तसलंच हाय. मला सवय हाय."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं तोच हसला. त्याचं सुटलेलं पोट गदागदा हललं. ते कुठल्या बाळंतपणाचं, हे त्याला कधी कुणी विचारलं नसावं.

तो हसत होता, तेवढ्यात तिनं त्याच्या खिशातलं पाकीट काढलं आणि बाळाच्या दुपट्यात गुंडाळून ठेवलं.