सोळा चॅनेलमध्ये नसलेला आवाज

मी राशिभविष्याचं पान उलटून थेट शब्दकोड्याकडे जाणारी बाई आहे. अमावस्या मला फक्त कॅलेंडरवर दिसते. इथले गूढ अनुभव बरीच वर्षं वाचते, ऑफिसात डबा खाता खाता, आणि खरं सांगते – निम्म्या अनुभवांना मनातल्या मनात कारणं लावून टाकते… उंदीर, वारा, ॲसिडिटी. म्हणूनच हे लिहायला वर्ष लागलं. कारण सापडेल म्हणून थांबले होते. नाही सापडलं.

आधी माणसं आणि जागा सांगते, म्हणजे पुढे गोंधळ नको.

माझे वडील, अण्णा. वय एक्क्याऐंशी, मूळचे मालवणकडचे. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत आयुष्यभर कारकुनी केली. स्ट्रोक आला तेव्हा शरीराची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ऐकू येतं, बरंचसं कळतंही, पण बोलता येत नाही. त्यांचं हो-नाहीसुद्धा भरवशाचं नाही. ‘चहा हवा?’ म्हटलं की मान हलवतात आणि कप पुढे केला की तोंड फिरवतात. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, यांच्या मानेवर जाऊ नका.

घर लालबागला, आमच्या जुन्या चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत अण्णांचा पलंग. आतल्या खोलीत माझा धाकटा भाऊ नितीन, वय चव्वेचाळीस, एकटा. दिवसा वरळीच्या एका स्टुडिओत जाहिरातींचं साउंड करतो आणि उरलेला सगळा वेळ डार्क ड्रम अँड बेस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – मिनिटाला पावणेदोनशेच्या आसपास ठोके, खाली गुरगुरणारा काळाकुट्ट बेस, गाणारं कोणी नाही. बोलता येत होतं तेव्हा अण्णा म्हणायचे, “रिटायर झालंय तरी वखारीतली करवत माझ्या पाठसून घराक इली.”

मला त्या संगीतातलं काही कळत नाही, पण नितीनच्या याद्या मीच करते. ट्रॅकला ट्रॅक जोडून केलेला त्याचा तासाभराचा मिक्स इंटरनेटवर चढला की कुठल्या मिनिटाला कुठला ट्रॅक, कोणाचा, हे सगळं लिहून द्यावं लागतं, नाहीतर जगभरचे लोक खाली विचारत बसतात. नित्या त्यात आळशी. मी भाजी निवडता निवडता ऐकते आणि वेळा टिपते.

मी राहते माटुंग्याला. सोमवार ते शनिवार अण्णांकडे सुलभा मावशी असतात. ब्यूरोतून आलेल्या, कणकवलीच्या. रविवारी त्यांना सुट्टी, तो दिवस माझा. अण्णांच्या पलंगाशेजारी कपाटावर मी केलेला चार्ट चिकटवलेला होता. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची – आठला डावी, दहाला पाठ, बाराला उजवी, दोनला परत डावी… समोर टिकेसाठी चौकोन. दोन वर्षांत अण्णांना एकही बेडसोअर झाला नाही. या चार्टचा मला अभिमान होता, हे कबूल करते. मावशी मधूनमधून म्हणायच्या, “ताई, दुपारचे आजोबा लय किरकिर करतत.” मी म्हणायचे, “मावशी, चार्ट म्हणजे चार्ट.”

आता मूळ गोष्ट.

मागच्या वर्षी बाहेरच्या देशातल्या एका छोट्या लेबलला, म्हणजे रेकॉर्ड कंपनीला, नितीनचा एक ट्रॅक आवडला. ते रेकॉर्डवर काढणार होते – खरी, काळी तबकडी. वीस वर्षं मिक्स करणाऱ्या माणसाला हे पहिल्यांदा होत होतं. फोनवर त्याचा आवाज दहावीच्या निकालाच्या दिवशीसारखा होता. लेबलवाल्यांनी एक फॉर्म पाठवला. ट्रॅकमध्ये वापरलेला प्रत्येक आवाज कुठून आणला त्याची यादी. यादी म्हटल्यावर काम माझ्याकडे.

रविवारी सकाळी मी पोचले तर नितीन लॅपटॉपसमोर डोकं धरून बसलेला.

“ताई, हे लोक काय लिहितायत बघ. तीन मिनिटांनंतर, ठोके थांबतात तिथे जो म्हाताऱ्या माणसाचा आवाज आहे, तो सगळ्यात जबरदस्त आहे म्हणे. तो कोणाचा, परवानगी आहे का…”

“मग सांग ना कोणाचा.”

“मी माणसाचा आवाज टाकलेलाच नाही! तिथे दोन बेस आहेत नुसते. एकमेकांवर घासले की गुरगुरल्यासारखं होतं, ते यांना आवाज वाटतंय.”

“फुकट भाव मिळतोय तर घे की.”

तो हसला नाही. मला हेडफोन दिले, ते मोठे, कान झाकणारे.

तीन मिनिटांनंतर ठोके थांबले. खालून बेस आला. आणि त्या बेसच्या आत, खूप खोलवर… अण्णा होते.

आवाज ‘त्यांच्यासारखा’ वगैरे नव्हता. त्यांचाच होता. वाक्याच्या शेवटी थोडा घसरणारा, तंबाखू सोडून तीस वर्षं झाली तरी तशीच राहिलेली खरखर. “उजव्या कुशीर नको… नको गो बाय… दुखता…”

मला घरात बाय फक्त अण्णा म्हणतात.

मी हेडफोन काढले. नितीनला काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, “परत ऐक. अण्णा समजून ऐक.” त्याने ऐकलं आणि खुर्चीवरून उठून खिडकीशी गेला.

“कुठल्या तरी जुन्या व्हिडिओतला तुकडा चुकून आला असेल,” मी म्हटलं.

“ताई, आजारी पडायच्या आधी अण्णांना कोण कूस बदलून देत होतं? हे वाक्य ते कशाला बोलतील?”

हे मला सुचायला हवं होतं.

मग मी नेहमीसारखं केलं. वही काढली. घरात माइक आहे का? नाही, स्टुडिओत आहे. लॅपटॉपचा माइक? कायमचा बंद. शिवाय अण्णा बोलतच नाहीत, तर माइक काय घेणार? ट्रॅक बनतो कसा? सोळा चॅनेल, प्रत्येकात एखादा ठोका किंवा बेस, एकावर एक. “एकेक लाव,” म्हटलं. त्याने एकेक लावला. मी सोळांपुढे सोळा फुल्या मारल्या, कुठेच अण्णांचा आवाज नाही. मग पंधरा एकत्र आणि एक बंद – तो एक दर वेळी वेगळा. काहीच नाही, नुसता बेस. कुठलाही एक चॅनेल कमी असला की अण्णा नाहीत. सगळे सोळा लावले की अण्णा.

“असं होत नसतं,” नितीन म्हणाला. “ताई, असं होतच नसतं गं.”

बाहेरच्या घड्याळात बारा वाजून पंधरा मिनिटं झाली होती. बाराच्या चौकोनात टिक व्हायची राहिली होती. मी बाहेर गेले. अण्णा पाठीवर होते, छताकडे बघत. मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो चौकोन रिकामा राहिला.

तरीही माझ्यासारख्या बाईला एक शंका होतीच. मी ऐकलं, मग नितीनला सांगून ऐकवलं, म्हणजे मीच त्याच्या डोक्यात घातलं असेल. मला तिसरा माणूस हवा होता, काहीही न सांगता. सोमवारी अर्धा दिवस रजा टाकली. सुलभा मावशींनी अण्णांचा आवाज कधीच ऐकलेला नाही, त्या स्ट्रोकनंतर आलेल्या. त्यांना हेडफोन लावले.

“अगो बाई, हां काय! मिक्सर लावल्यासारखा वाटता.”

“ऐका हो जरा, पुढे आहे.”

त्या ऐकत राहिल्या. मग हात वर केला – थांबा. भुवया जवळ आल्या.

“ह्येच्यात म्हातारो कोण बोलता? आमच्याच साइडचो दिसता.”

“काय बोलतो?”

“उजव्या कुशीर नको म्हणता. दुखता म्हणता. रडता ओ तो… कोण आसा ह्यो, ताई?”

मी उत्तर द्यायच्या आधीच त्यांनी मान वळवून बाहेरच्या पलंगाकडे बघितलं. हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि देवासमोर लावतात तसा कानाला हात लावला. “मी सांगी होतंय तुमका,” एवढंच म्हणाल्या. खरंच सांगत होत्या.

त्याच दुपारी डॉक्टरांना फोन केला. काय सांगणार होते? ‘गाण्यात ऐकलं’? म्हटलं, उजव्या बाजूला वळवलं की त्रास होतोय असं वाटतं. त्यांनी एक्स-रे सांगितला. परळच्या हॉस्पिटलात नेलं, स्ट्रेचरवरून. उजव्या खुब्याच्या हाडाला बारीक फट होती. दीड-दोन महिने तरी जुनी, डॉक्टर म्हणाले. व्हीलचेअरवर घेताना वगैरे कधीतरी धक्का बसला असणार.

“त्या बाजूवर झोपवत होता?”

“हो. रोज.”

“कितीदा?”

मी आकडा सांगितला. चार्टमुळे मला तो नीट सांगता आला. डॉक्टरांनी तो कागदावर लिहून घेतला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

नितीनने तो ट्रॅक केव्हा सुरू केला ते त्याच्या लॅपटॉपमध्ये तारखेसकट आहे. एक्स-रेच्या पाच आठवडे आधी. म्हणजे तेव्हा हाडाला फट होती, आणि घरात कोणाला माहीत नव्हतं. अण्णा सोडून.

राहिला फॉर्म. मी यादीत पंधरा ओळी भरल्या, सोळावी भरली, आणि सतराव्या ओळीशी अडले. ‘आवाज – कोणाचा, परवानगी आहे का.’ आवाज काढून टाकून ट्रॅक द्यावा म्हटलं तर काढायचा कुठून, तो कुठल्या चॅनेलमध्ये नव्हताच. चॅनेल कमी केला की त्यांना आवडलेली जागाच जाते. मी नितीनला म्हटलं, “दे तू. वीस वर्षांनी आलंय. कोणाला कळणार आहे?”

“आपल्याला,” तो म्हणाला. “बाप कण्हतोय आणि त्यावर परदेशात लोक नाचणार? नको ताई.”

त्याने दुसरे तीन ट्रॅक पाठवले. त्यांना ते नको होते. पुढे त्यांचं उत्तर येईनासं झालं. नितीन ‘जाऊ दे’ म्हणतो. मी पण त्याच्यासमोर ‘जाऊ दे’च म्हणते.

अण्णांना आम्ही तो ट्रॅक ऐकवला नाही. दोनदा ठरवलं आणि दोनदा धीर झाला नाही.

आता खुब्याचं हाड जुळलंय. औषधं, फिजिओ, सगळं वेळेवर. उजव्या कुशीवर कोणी झोपवत नाही. कपाटावरचा चार्ट मी काढला, मावशी त्यांच्या अंदाजाने वळवतात, आणि पाठीला अजूनही जखम नाही. रविवारी मी डोक्यापासून पायापर्यंत एकेक जागा हलकेच दाबते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघते. त्यांचा डावा डोळा माझ्यावर असतो. कधी वाटतं, वैतागलेत. कधी वाटतं, काही सांगतायत. कळत मात्र काहीच नाही.

तुमच्यापैकी कोणी ध्वनीतलं जाणणारं असेल तर जरूर कारण सांगा, मी वही घेऊन ऐकेन. ‘मनाचे खेळ’ म्हणू नका एवढीच विनंती. मनाच्या खेळाने मावशींना शब्द ऐकू आले असतील कदाचित, पण त्याने एक्स-रेत फट दिसत नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. त्यानंतर नितीनने अकरा नवे ट्रॅक केले. त्यातले काही दुसऱ्या एखाद्या लेबलसाठी असतील, पण बरेचसे कशासाठी केलेत ते आम्हा दोघांनाही माहीत आहे. रविवारी अण्णांचं जेवण झालं की मी आतल्या खोलीत बसते, हेडफोन लावते आणि न आवडणारं ते संगीत पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकते. प्रत्येक थांबा, प्रत्येक गुरगुर. नितीन दारात उभा राहतो.

“आलं काही?”

“नाही.”

तो मान हलवतो आणि बाहेर अण्णांच्या पायाशी जाऊन बसतो. अण्णांना आता कुठे दुखत नाहीये, म्हणून काही येत नाही? की दुखतंय, आणि या वेळी आमच्यापर्यंत पोचत नाहीये? हे मी वहीत लिहिलंय, पुढची जागा कोरी आहे… मग मी ट्रॅक परत सुरुवातीपासून लावते.