दाजी सायडकार बघायला जातात

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकच वस्तू न तपासता पदरात घेतली, ती म्हणजे मी. मेहुणीचा नवरा ठरवताना त्यांना कोणी विचारलं नाही आणि मी पास होण्याआधीच अक्षता पडल्या, ही खंत ते माझ्याच घरी, माझाच चहा पीत, अजून बोलून दाखवतात. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजी म्हणतो, आणि पुढे आमची सगळी कॉलनी म्हणू लागली. सातपूरच्या एका कारखान्यात ते तपासणीस होते. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, फिरवायचा, मापात बसतो का बघायचं आणि ‘पास’ किंवा ‘नापास’ म्हणायचं, हे त्यांचं काम. बाकीचे लोक संध्याकाळी काम कारखान्यात ठेवून घरी येतात. दाजी ते सोबत घेऊन येत. छत्री घेतली की आधी न्हाणीघरात नळाखाली धरायची, कुलूप घेतलं की शेजारच्यांची किल्ली लावून बघायची. मुक्ताला, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलीला, बालवाडीत घालायच्या आधी ते स्वतः तिथल्या बुटक्या बाकावर बसून आले होते. बाईंनी विचारलं, “आपल्याला काही हवंय का?” तर म्हणाले, “नाही, खिळा कुठं वर आलाय का बघतोय. एक आलाय.”

ताईला, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीला, बघायला आले तेव्हाचीही गोष्ट घरात सांगतात. पोहे आले, मुलगी आली, आणि दाजींचं सगळं लक्ष टेबलाकडे. टेबल डुगडुगत होतं. त्यांनी खिशातून कागद काढला, त्याची नीट घडी घातली आणि पायाखाली सरकवली. टेबल स्थिर झालं. मग वडीलधाऱ्यांनी पत्रिका मागितली, तेव्हा कळलं की ती टेबलाखाली आहे. ती काढली असती तर चहा सांडला असता, म्हणून कोणी काढली नाही, आणि लग्न जमलं. ताई म्हणते, “मला तेव्हाच वाटलं, हा माणूस घर हलू द्यायचा नाही.”

हे सगळं गमतीत चाललं होतं ते सिन्नरच्या एका लग्नाहून परतेपर्यंत. नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. मुक्ता पाच वर्षांची, ओंकार तीन वर्षांचा. त्या काळी सगळं नाशिक जसं फिरायचं तसेच हे चौघे एका स्कूटरवर: मुक्ता पुढे उभी, मग दाजी, मग ओंकार, मागे एका बाजूला पाय सोडून ताई. उन्हं कलली होती, पोटात जिलेबी होती, वारा लागत होता. नाशिकरोड जवळ आला आणि स्कूटरचा हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. समोरचे लोक बाजूला होऊ लागले, एका बैलगाडीवाल्यानं शिवीही दिली. दाजींना वाटलं, हॉर्न अडकला. खाली बघतात तर मुक्ताचं डोकं हॉर्नच्या बटणावर. पोर उभ्या उभ्या झोपली होती आणि तिचे गुडघे हळूहळू वाकत होते. दाजींनी दोन्ही मांड्यांत तिला आवळून धरलं आणि गाडी कडेला घेतली. मुक्ताला जाग आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आलं घर?” घर बरंच लांब होतं. उरलेला रस्ता त्यांनी मुलांना घेऊन बसनं काटला आणि मी जाऊन स्कूटर आणली. दुसऱ्या दिवशी दाजींनी स्कूटरवर चादर घातली आणि मला सांगितलं, “वस्तू चांगली आहे, पण पोरांसाठी नापास.”

महिनाभर ते रस्त्यावरची प्रत्येक गाडी न्याहाळत हिंडले आणि एका रविवारी जाहीर केलं की आपण मोटारसायकलच्या बाजूला जोडलेली सायडकार घेणार. ताई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “अहो, रिक्षा आहेत की गावात.”

“रिक्षावाल्याला कोणी तपासलंय?”

“आणि तुम्हाला कोणी तपासलंय?”

यावर दाजी मला म्हणाले, “तू चल माझ्याबरोबर.” मला मोटारसायकल चालवता येत होती, एवढीच माझी पात्रता.

पहिली सायडकार देवळाली कॅम्पात होती, लष्करातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची. हिरवीगार, भक्कम, आणि एवढी खोल की आंघोळीचं पाणी काढावं. गृहस्थांनी तिची थोरवी सांगितली. ती कुठल्या कुठल्या डोंगरांतून गेली होती म्हणे. दाजींनी मुलांना आत बसवलं, आणि मुलं गायब झाली. आतून फक्त ओंकारचा आवाज आला, “बाबा, आभाळ दिसतंय.” दाजी म्हणाले, “बाकी काय दिसतंय?” “काहीच नाही.” गृहस्थ म्हणाले की सुरक्षिततेच्या दृष्टीनं हे उत्तमच. दाजींनी नम्रपणे नमस्कार केला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “पोरांना रस्ता दिसायला नको असेल तर मग ट्रंकेत घालून पाठवू की पार्सलनं.”

दुसरी मालेगावात. एका कारागिरानं हौसेनं बनवलेली. तिला चारी बाजूंनी आरसे, पुढे पत्र्याचा मोर, आत लाल मखमल, आणि बटण दाबलं की पाच सुरांत वाजणारा भोंगा. मुलांनी ती बघितली आणि त्यांच्यापुरता प्रश्न सुटला. मलाही मोहात पडल्यासारखं झालं. दाजींनी मात्र मोराकडे बघितलंसुद्धा नाही. ते दारापाशी उकिडवे बसले आणि दारावर आतून एक थाप मारली. कडी सुटून दार सताड उघडलं. कारागीर म्हणाला, “अरे साहब, अंदर से कौन मारेगा?” दाजींनी ओंकारकडे बोट दाखवलं. त्या वेळी ओंकार नेमका आतून मोराच्या शेपटीवर लाथा घालत होता. कारागीरही पोराबाळांचा बाप असावा. तो हसला, आणि स्वतःच म्हणाला, “नहीं, आप मत लो.” परतीच्या बसमध्ये ओंकार चांदवडपर्यंत मोरासाठी रडला.

तिसरी सटाण्यात एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर होती. साडेतीनशे सीसीची जुनी फटफटी आणि तिला जोडलेली साध्या पत्र्याची सायडकार. तिच्यातून तो कांद्याची पोती नेत असे. आता टेम्पो आल्यामुळे ती खळ्याच्या कोपऱ्यात उभी होती. ना मोर, ना मखमल. वास मात्र दोन शेतांवरून येत होता. व्यापाऱ्याची म्हातारी आई बाजेवर बसून कांदे निवडत होती. दाजी गाडीभोवती घिरट्या घालताना बघून ती अहिराणीत म्हणाली, “गाडी चांगली शे भाऊ. आमना कांदा बी कधी पडना नही, तुमना पोरं काय पडतीन?”

दाजींचा नियम असा, की जिथं पोरं बसणार तिथं आधी बापानं बसायचं. ते सहा फुटी गृहस्थ सायडकारमध्ये शिरले तेव्हा त्यांचे गुडघे कानांशी आले. मग त्यांनी पाण्यानं भरलेला तांब्या मागून घेतला, तो मांडीवर धरला, डोळे मिटले आणि मला म्हणाले, “चालव. खड्डे चुकवू नकोस.” सटाण्याच्या त्या रस्त्यावर खड्डे चुकवणं माझ्या हातात नव्हतंच. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघू लागले. एकानं मला विचारलं, “कोणाला देवदर्शनाला नेताय का?” डोळे मिटून, तांब्या धरून बसलेल्या माणसाबद्दल दुसरं काय वाटणार. परत आलो तेव्हा दाजी छातीपर्यंत भिजले होते. त्यांनी तांब्यात डोकावून बघितलं आणि म्हणाले, “तळाशी उरलंय. विचार करण्यासारखी आहे.”

मग सुरू झाली खरी तपासणी. दाजींनी बोल्ट मोजले, चाक हलवलं, दाराची कडी आतून बाहेरून ठोकली. व्यापारी जेवायला बोलावून कंटाळला. मुलांना मी सायडकारमध्ये बसवून ठेवलं होतं, कारण खळ्यावर बैल मोकळे होते. शेवटी दाजी जोडणीचा दांडा बघण्यासाठी खाली वाकले आणि वर आले तेव्हा एकदम थबकले. आत ओंकार झोपला होता. त्याचं डोकं मुक्ताच्या खांद्यावर होतं, आणि मुक्ताचं डोकं पत्र्याच्या कडेला टेकलेलं. तीही झोपली होती. दाजींनी गाडी दोन्ही हातांनी धरली आणि हळूच हलवली. मग जरा जोरात. मुलं डुलली, एकमेकांवर रेलली, पण कुठंही घसरली नाहीत. घसरायला जागाच नव्हती. दाजी किती तरी वेळ नुसते बघत उभे होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “पास,” आणि चष्मा पुसायला लागले. चष्म्यावर पाणी तांब्यातलंच असणार, असं मी तेव्हा धरून चाललो.

घरी आल्यावर ताईनं गाडीला ओवाळलं, मागच्या सीटवर बसून बघितलं आणि शांतपणे म्हणाली, “ही नापास.” मागची सीट तपासायची राहूनच गेली होती. ताईला नवी गादी शिवून मिळेपर्यंत गाडी जागची हलली नाही.

पुढची सात-आठ वर्षं ती गाडी म्हणजे आमच्या कॉलनीचा सण होता. कांद्याचा वास काही केल्या गेला नाही. मुक्ताच्या वर्गातल्या मुली म्हणत, तुझ्या रिबिनीला भजीचा वास येतो. थंडीत दोन माकडटोप्या सायडकारमधून बाहेर डोकावत गंगापूर धरणाकडे निघाल्या की दूधवालेसुद्धा सायकली थांबवून हात करत. सुरगाण्याच्या घाटात एकदा आम्ही मागून जीपनं चाललो होतो. पुढे यांची फटफटी बैलाच्या चालीनं चढत होती, आणि आमच्या जीपच्या टपावर बसलेली माणसं मुलांना करवंदं टाकत होती. दाजींनी गाडी थांबवली, एक करवंद स्वतः खाऊन बघितलं, आणि मगच मुलांना खाऊ दिलं. गणपतीत तर कॉलनीतल्या निम्म्या मूर्ती सायडकारमधूनच येत. आधी दाजी मूर्तीचा हात हलवून बघत. मूर्तिकार तोंड फिरवून घेई.

मुलं मोठी होतात, ही गोष्ट मात्र कुठल्या तपासणीत येत नाही. आधी मुक्ताचे गुडघे मावेनासे झाले. मग ओंकार एकटा बसू लागला, आणि एक दिवस म्हणाला, “बाबा, मला शाळेच्या अलीकडच्या चौकातच सोडा ना.” दुसऱ्या दिवसापासून दाजींनी त्याला चौकात सोडलं. काही महिन्यांनी सायकल आली. रिकामी सायडकार डाव्या वळणावर उचलली जाते, म्हणून दाजी काही दिवस आत विटा ठेवून कारखान्यात जात राहिले. ताई म्हणाली, “विटांना कशाला फिरवताय?” तेव्हा कुठे त्यांनी बोल्ट काढले आणि सायडकार मखमलाबादच्या एका रोपवाटिकेला देऊन टाकली.

तिच्याशिवाय फटफटी घेऊन ते पहिल्यांदा निघाले त्या सकाळी मी फाटकातच होतो. सरळ रस्त्यावर छान गेले. कोपऱ्यावर हँडल वळवलं, आणि गाडी समोरच्या बंगल्याच्या कण्हेरीत शिरली. सायडकारची गाडी वळताना झुकत नाही, ती ताठ वळते. साध्या दुचाकीला मात्र अंग टाकावं लागतं. दाजींच्या अंगातून ते पार निघून गेलं होतं. मी धावत गेलो. लागलं काही नव्हतं. ते कण्हेरीत बसून हसत होते आणि अंगावरची फुलं झटकत होते. “गाडी चांगली आहे रे,” ते म्हणाले, “चालवणारा नापास.” त्यानंतर त्यांनी फटफटी चालवली नाही.

मुक्ता कॉलेजात गेली आणि तिनं बिनगिअरची छोटी दुचाकी घेतली, तेव्हा गाडी तपासायला दाजींऐवजी तिनं मैत्रिणीला नेलं. आता काय म्हणतात, अशी आम्हाला धास्ती होती. एका संध्याकाळी मुक्ता त्यांना दाताच्या डॉक्टरकडे घेऊन निघाली. दाजी मागे बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ खांबासारखी ताठ. फाटकाबाहेरचं पहिलंच वळण गाडीनं कसंबसं घेतलं. मुक्तानं गाडी थांबवली आणि मान वळवून म्हणाली, “बाबा, मी झुकले की तुम्हीपण माझ्याबरोबर झुका ना.”

“सवय नाही गं,” दाजी म्हणाले.

“मग मला धरून बसा.”

त्यांनी जरा विचार केला आणि एक हात तिच्या खांद्यावर ठेवला. गाडी निघाली. मी आणि ताई फाटकात उभे राहून बघत होतो. कोपऱ्यावर मुक्ता झुकली, आणि तिच्यामागून, थोडे उशिरा, दाजी झुकले.