ठोक्याची बहीण

तिला सगळे इस्त्रीवाली म्हणत. न्यायालयाच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली तिचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांब टेबल, त्यावर घडी घातलेली जुनी चादर, एक जड इस्त्री आणि मागे दोरीवर टांगलेले वकिलांचे काळे कोट. जिना चढून गेलं की वकिलांची कचेरी. तिथे तिघं काम करायचे आणि त्यांतल्या वकीलबाई सगळ्यांत थोरल्या. कोठडीत मार खाल्लेली, खटल्याविना तुरुंगात सडत पडलेली, कुणी वाली नसलेली माणसं तो जिना चढायची. त्यांच्याकडून पैसे मिळत नसत आणि गल्लीत त्या कचेरीला चोरांची कचेरी म्हणत.

इस्त्रीवालीचंही मत फारसं वेगळं नव्हतं. कोट हातात देताना ती वकीलबाईंना तोंडावर म्हणायची, "बाई, चार रट्टे दिल्याशिवाय चोर बोलेल कशाला?"

"रट्टे दिले की तो काहीही बोलतो, तीच तर पंचाईत आहे," असं म्हणून वकीलबाई हसायच्या आणि विषय तिथेच राहायचा.

तिच्या पाठचा भाऊ जन्मापासून बहिरा होता. तो गॅरेजमध्ये ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायचा, म्हणून त्याचं नाव ठोक्या पडलं. दिवसभर हातोड्याचा दणदणाट चाले आणि त्याला त्याचा काडीचा त्रास नसे. "असा कामगार शोधून सापडणार नाही," मालक सांगायचा, "उलटून बोलत नाही." शाळेत त्याला कुणी घेतलं नव्हतं. हातांची जी भाषा होती ती त्याने, आईने आणि ताईने घरातच जमवलेली. मूठ पुढेमागे सरकवली की ताई. गालावर दोन बोटं टेकवली की आई. आई गेल्यावर ती भाषा जाणणारी जगात दोनच माणसं उरली. त्यांची भांडणंही हातांनीच होत, आणि ताईचं डोकं फिरलं की ती सरळ पाठ करून उभी राहायची. मग ठोक्या तिचे खांदे धरून तिला वळवायचा, कारण त्याचं म्हणणं अजून संपलेलं नसायचं.

एका दुपारी सराफाचं दुकान लुटून दोघं जण गॅरेजच्या रस्त्याने पळाले. पोलीस मागे धावत आले. ठोक्या खांद्यावर गाडीचं दार घेऊन रस्ता ओलांडत होता, पोलिसांकडे पाठ करून. "थांब!" ते ओरडले. तो चालत राहिला. "थांब म्हणतो ना!" तरी तो चालतच राहिला. मग गुडघ्याच्या मागे काठी बसली. तो दारासकट आडवा झाला आणि उठला तेव्हा त्याच्या हातात कमरेचा हातोडा होता. तेवढं पुरलं.

गॅरेजचा मालक धापा टाकत इस्त्रीवालीकडे आला. ती इस्त्री तशीच टाकून पोलीस ठाण्याकडे पळाली.

"त्याला ऐकू येत नाही हो साहेब! मला आत सोडा. मी विचारते, तो सगळं सांगेल."

फौजदाराच्या बोटात जाडजूड अंगठी होती. ती चोळत तो म्हणाला, "इथे आल्यावर सगळेच बहिरे होतात. आम्ही बरे करतो."

दार बंद झालं. थोड्या वेळाने आतून आवाज यायला लागला. ठोक्याला शब्द नव्हते, पण गळा होता. प्रत्येक फटक्यासरशी तो गळा फाटायचा, आणि मधल्या शांततेत कुणीतरी विचारायचं, "बोल, माल कुठे आहे?" इस्त्रीवालीने दारावर धडका दिल्या. एक हवालदार बाहेर आला, त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिला फरफटत रस्त्यावर आणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी खरे चोर पकडले गेले. ठोक्याला मागच्या दाराने बाहेर काढलं, भिंतीला टेकवून ठेवलं आणि दार लावून घेतलं. दोन्ही तळपाय सुजून काळे पडले होते, तीन बोटं मोडली होती आणि डावा डोळा अंगठीने फुटला होता. तो डोळा वाचला नाही.

बहिऱ्या माणसाचे डोळे हेच कान असतात. आता डाव्या बाजूने कोण आलं ते त्याला कळत नसे, आणि कळलं की तो आधी गुद्दा मारायचा. एकदा ताई त्या बाजूने चहा घेऊन आली. कप भिंतीवर फुटला, तिचा ओठ फाटला. रक्त बघून तो स्वतःचंच डोकं भिंतीवर आपटायला लागला आणि तिने फाटक्या ओठाने त्याला मिठी मारून धरून ठेवलं.

त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा जिना चढून वर गेली.

"बाई, मी जे म्हणायची ते परत घेते."

वकीलबाईंनी शहाणपणाचं काही ऐकवलं नाही. पाणी दिलं, बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दोन गोष्टी करायच्या. त्याला मारणाऱ्या तिन्ही पोलिसांवर खटला, आणि दुसरी म्हणजे वरच्या न्यायालयात जायचं. बहिऱ्या माणसाची चौकशी दुभाष्याशिवाय करू नये, असा नियमच नाही. तो करून घ्यायचा."

"नियम घेऊन मी काय चुलीत घालू? मला त्या अंगठीवाल्याचा हात तुटलेला बघायचाय."

"हात मी तोडू शकत नाही. त्याची नोकरी तोडू शकते. जमलं तर तुरुंगात पाठवू शकते."

"मग तेवढं तरी करा," ती म्हणाली.

खटला उभा राहिला. ठोक्याची साक्ष जवळ आली तशी एका दुपारी दोघं जण तिच्या दुकानात आले. एकाने शर्ट टेबलावर टाकला आणि म्हणाला, "कडक कर." तिने इस्त्री उचलायच्या आत दुसऱ्याने शटर खाली ओढलं. पहिल्याने तिचा उजवा हात चादरीवर दाबून धरला, दुसऱ्याने इस्त्री उचलून हाताच्या पंज्यावर ठेवली आणि कापडावर फिरवतात तशी पुढेमागे फिरवली.

"आता बोल भावाशी," तो म्हणाला.

तिची किंकाळी वरपर्यंत गेली. कचेरीतला धाकटा वकील तीन-तीन पायऱ्या उतरत खाली धावला आणि शटर वर ढकललं. बाहेर पडता पडता त्यांनी शटर ओढायचा लोखंडी आकडा त्याच्या तोंडावर हाणला. त्याचे पुढचे दात पायऱ्यांवर सांडले. ते दोघं कधीच सापडले नाहीत. खरं तर कुणी शोधलंच नाही.

ठोक्याला तिने सांगितलं, माझीच चूक झाली, इस्त्री निसटली. एकाच हाताने सांगितलं.

साक्षीच्या दिवशी ती दुभाषी म्हणून उभी राहिली आणि पोलिसांच्या वकिलाने पहिला अडथळा घातला. "ही आरोप करणाऱ्याची सख्खी बहीण. हा हात हलवणार आणि ही मनाला येईल ते बोलणार. खरं-खोटं कोण ठरवणार?"

"तुम्हीच ठरवा," वकीलबाई न्यायाधीशांना म्हणाल्या. "तिला बाहेर पाठवा. त्याला काहीतरी दाखवा. मग तिला बोलवा."

न्यायाधीशांना ते पटलं. ती बाहेर गेल्यावर त्यांनी शिपायाला खुणेने काहीतरी करायला लावलं. ती परत आली. ठोक्याचे हात भराभर चालले.

"तो म्हणतो, शिपायाने डाव्या पायातला बूट काढून ह्या वकीलसाहेबांच्या कागदांवर ठेवला," ती म्हणाली. मग जरा अडखळली. "आणि मोज्याला भोक आहे म्हणतो."

सगळी खोली हसली. शिपाई पाय मागे घेऊन उभा राहिला.

नंतर कुणी हसलं नाही. दुभाष्याने 'तो' म्हणायचं नसतं, 'मी' म्हणायचं असतं, असं वकीलबाईंनी तिला बजावलं होतं. म्हणून ती बोलत होती, "मला टेबलावर पालथं बांधलं. मी पाय हलवले की आणखी मारत. त्यांचे ओठ हलत होते, पण ते काय विचारत होते ते मला कळत नव्हतं. मी हातांनी सांगू लागलो, तर त्यांनी हातच बांधले."

फौजदार शपथेवर सांगून बसला होता, की ह्याने तोंडी गुन्हा कबूल केला. वकीलबाईंनी त्याला तेव्हाच विचारलं होतं, "तोंडी म्हणजे कुठल्या भाषेत?" 

साक्ष देता देता ठोक्या अंगठीपर्यंत आला होता. आरोपींच्या बाकावर तो हवालदार बसला होता, ताईला केसांनी ओढणारा. त्याने तिच्या बँडेजकडे बघितलं, शेजाऱ्याला कोपराने ढोसलं आणि हसत मूठ पुढेमागे सरकवून दाखवली.

इस्त्री फिरवल्यासारखी. ठोक्याच्या भाषेत ते ताईचं नाव होतं. त्याने ती मूठ बघितली, ते हसू बघितलं, मग ताईचा गुंडाळलेला हात बघितला.

कठड्यावरून त्याने सरळ उडी घेतली. हवालदाराचं डोकं दोन्ही हातांनी धरून त्याने बाकाच्या पाठीवर आपटलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. रक्त लाकडावर, कागदांवर, पोलिसांच्या वकिलाच्या कडक कॉलरवर उडालं. दारातले चार शिपाई काठ्या घेऊन तुटून पडले.

"थांबा!" न्यायाधीश उभे राहून ओरडले. "अरे थांब! सोड त्याला!"

ठोक्याने सोडलं नाही. त्याला ऐकूच येत नव्हतं. तो थांबत नाही म्हणून शिपाई मारत होते, मारतात म्हणून तो आणखी घट्ट धरत होता, आणि न्यायाधीश टेबल बडवत ओरडत होते. इस्त्रीवाली काठ्यांखालून घुसली. एक फटका तिच्या पाठीवर बसला, एक मानेवर. तिने भावाला धरलं, त्याच्या उरलेल्या डोळ्यासमोर आपला जळका हात नेला आणि बँडेजातली बोटं हलवली. पुरे, माझ्यासाठी पुरे.

तो जागच्या जागी थांबला. हात सोडले आणि खाली बसला.

न्यायाधीशांनी शिपायांना काठ्या खाली ठेवायला लावल्या.

झाल्या प्रकाराबद्दल ठोक्याला कैद झालीच, वकीलबाईंनी ती टाळायचा आटापिटा केला तरी. पण फौजदारही तुरुंगात गेला. हवालदाराची नोकरी गेली. तिसरा पोलीस सुटला आणि त्याने सुटल्याचा आनंद ठाण्यासमोर फटाके उडवून साजरा केला. वरच्या न्यायालयातलं काम मात्र वर्षानुवर्षं चाललं. सरकारी वकील म्हणे, ठाण्याठाण्यावर दुभाषे ठेवायचे तर पैसे कुठून आणायचे. वकीलबाई एका बहिऱ्यामागून दुसऱ्या बहिऱ्याची हकीकत मांडत राहिल्या, त्यांत कोठडीत मेलेलेही होते. शेवटी हुकूम निघाला, की दुभाष्याशिवाय घेतलेला जबाब जबाब नव्हे.

तोवर इस्त्रीवाली बहिऱ्यांच्या शाळेत जाऊन तिथली रीतसर भाषा शिकली होती. तिला पहिलं बोलावणं आलं ते त्याच ठाण्यातून. एका बहिऱ्या सुताराने बायकोला मारून टाकलं होतं.

त्याने काही लपवलं नाही. तो हातांनी सांगत गेला आणि तिला बोलावं लागलं, 'मी' म्हणूनच. "मी तिचे केस धरले. मी तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. ती हलायची थांबली तरी मी आपटत राहिलो."  नवा फौजदार खुर्ची लोटून उठला आणि त्याने हात उगारला.

ती मध्ये उभी राहिली. "तो सांगतोय ना साहेब? मग मारता कशाला?"

"असल्याला मारायचं नाही तर काय पूजा करायची?"

"मला काय वाटतं ते विचारू नका," ती म्हणाली. "बसा. अजून त्याचं सांगून झालं नाही."

फौजदार बसला. जबाब पुरा झाला. ती बाहेर आली. तेवढ्यात मेलेल्या बाईचा भाऊ पुढे आला आणि त्याने तिचा गळाच धरला.

"खुन्याला वाचवायला येतेस?"

"त्याने काय केलं ते मीच सांगितलं आत," ती कशीबशी बोलली. त्याने ऐकून घेतलं नाही. तिच्या तोंडावर ठोसा मारला, ती पडल्यावर लाथ घातली, आणि मग लोकांनी त्याला ओढून नेलं.

वकीलबाईंनी तिच्या सुजलेल्या डोळ्यावर बर्फ धरला. "तक्रार देतेस?"

"नको. त्याची बहीण मेली आहे."

"उद्या दुसरा कुणी मारेल."

"मारू दे की. तेव्हा देईन."

सुताराला जन्मठेप झाली, बहुतेक तिने सांगितलेल्या शब्दांवरच. निकालाच्या दिवशी तो भाऊ मागच्या बाकावर बसला होता. जाताना तो तिच्याजवळून मान खाली घालून निघून गेला. तिला घाई होती. दुसऱ्या एका ठाण्यातून बोलावणं आलं होतं, आणि तिथल्या कोठडीत एक बहिरी पोरगी सकाळपासून किंचाळत होती.